खालची डावी दाढ

माझा पगार किती, हे आमच्या गावात कुणालाही विचारा. चोपन्न हजार. शेंबडं पोरही सांगेल. त्यातले माझ्या हातात किती उरतात हे मात्र कुणी सांगणार नाही, कारण ते ऐकायला कुणाला वेळ नाही. मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, घरात कमावणारी मी एकटी, आणि गेली तीन वर्षं माझी खालची डावी दाढ दुखते आहे.

झालं असं की फुटाण्यात खडा आला आणि दाढेचा कोपरा उडाला. रामनगरला शिवानंद म्हणून एक तरुण दातांचा डॉक्टर आहे. त्याने तोंडात आरसा घालून बघितलं आणि म्हणाला, "सिस्टर, रूट कॅनल करू, वर कॅप बसवू. दाढ वाचेल. सगळं मिळून नऊ हजार." मी म्हटलं, पुढच्या महिन्यात येते. तो पुढचा महिना काही उगवला नाही.

चोपन्न हजारवाल्या बाईला नऊ हजार निघत नाहीत म्हटल्यावर लोकांना वाटतं, ही एक तर चिक्कू आहे नाही तर हिला कसला तरी नाद आहे. माझा नाद माझ्याशी लग्न करून घरात बसलेला आहे. नाव प्रवीण. माणूस वाईट नाही. दारू नाही, मारहाण नाही, आवाजसुद्धा चढवत नाही. फक्त त्याला कल्पना सुचतात. चार वर्षांपूर्वी त्याला सुचलं की कुळगीच्या जंगल कॅम्पात बेंगळूरची माणसं पैसे देऊन तंबूत झोपतात, तर ती आपल्या भाताच्या खाचराकडेला का झोपणार नाहीत? मग माझ्या नावावर कर्ज काढून तीन तंबू आले. चार वर्षांत पाहुणे आले ते हुबळीचे दोन पोरगे. त्या रात्री गवा आला, त्याने एका तंबूत पाय घातला, आणि पोरं अशी पळाली की एक बूट मागेच राहिला. तंबूंचा हप्ता महिन्याला अकरा हजार आहे. बूट अजून ओसरीवर आहे, कारण प्रवीण म्हणतो, न्यायला येतील.

दीर पुंडलिक धारवाडला राहून मोठ्या साहेबाच्या परीक्षेची तयारी करतो. सहा वर्षं झाली. तयारी इतकी झाली आहे की आता परीक्षेनेच त्याला घाबरायला हवं. त्याची खोली, त्याची मेस, त्याचा क्लास. मग आमच्या मुलीची, मयूरीची शाळा आणि शाळेची व्हॅन. मग सासूबाई, इंदुबाई. आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात, आणि बोलताना बायकाही 'येतो', 'जातो'च म्हणतात. आत्तींना भाच्या नऊ, आणि एकीच्या घरी बारसं झालं की दुसरीच्या घरी डोहाळजेवण असतंच. साडी न्यायची ती सिस्टरच्या घराला शोभेल अशी. वर, माझ्या नोकरीमुळे घराचं बीपीएल कार्ड गेलं, फुकटचा तांदूळ बंद झाला. याचं दुःख आत्ती अजून करतात. "तुजी नोकरी लागली आनि माजं तांदूळ गेलं," असं त्या आल्यागेल्याला सांगतात, आणि ऐकणारा माझ्याकडे असा बघतो की मीच पोतं उचलून पळाले.

घरात बोलायची एक रीत पडून गेली आहे. पगाराविषयी बोलताना सगळे म्हणतात, आपला पगार. दाढेविषयी बोलताना म्हणतात, तुझी दाढ.

मीही काही साध्वी नाही. मी चोरी सुरू केली. सरकारने बायकांना बस फुकट केली, तशी मी स्कूटर ओसरीवर लावली आणि बसने कामावर जायला लागले. घरी मात्र पेट्रोलचे पैसे मागत राहिले. माझ्याच पगारातले पैसे मी माझ्याच घरात खोटं बोलून घेत होते. ते ड्यूटी रूमच्या कपाटात, कापसाच्या रिकाम्या डब्यात टाकत होते. चौदा महिने लागले. नऊ हजार पुरे झाले त्या दिवशी मी डब्याकडे बघून एकटीच हसले आणि दाढेतून कळ गेली.

आणि त्याच आठवड्यात पंचांनी जाहीर केलं की गावची लक्ष्मी यंदा बसणार. अठरा वर्षांनी जत्रा.

बेळगाव-खानापूरकडचे वाचक इथेच कपाळाला हात लावतील. इतरांना सांगते. आमच्या भागात लक्ष्मीची जत्रा दरवर्षी नसते, गावाला परवडेल तेव्हा असते, आणि गावाला कधीच परवडत नाही म्हणून ती अठरा-वीस वर्षांनी येते. घरं रंगवायची. लेकी माहेरी आणायच्या. ओळखीच्या झाडून सगळ्या माणसांना जेवायला बोलवायचं आणि मटणाच्या दिवशी कुणी उपाशी परत जाता कामा नये. गेलं तर त्या घराचं नाव पुढच्या जत्रेपर्यंत निघतं. लोक म्हणतात लक्ष्मी घरी येते. येते, पण ती जेवायला येते.

जत्रेआधी पाच आठवडे वार पाळतात. मंगळवारी आणि शुक्रवारी शेतात औत न्यायचं नाही, दळण-कांडण करायचं नाही, कुठलंही काम हाती घ्यायचं नाही. आमच्या घरातल्या पुरुषांनी वार असे पाळले की देवी धन्य झाली असेल. प्रवीणने तर मधले वारही धरले. धारवाडहून आलेल्या पुंडलिकने पुस्तक उघडणं हेही काम आहे, असा शास्त्रार्थ काढला. मी पंचांना जाऊन विचारलं, "मग मी मंगळवारी ड्यूटीला जाऊ काय नको?" पंच एकमेकांकडे बघून म्हणाले, "सरकारी नोकरीला वार लागत न्हाई, सिस्टर. देवीला पण कळतंय की." मला त्या देवीला विचारायचं होतं की तिला आणखी काय काय कळतं.

जत्रा जवळ आली तसे गावात फ्लेक्स लागले. प्रत्येक घराचा एक, त्यावर घरातल्या सगळ्यांची तोंडं, आणि खाली 'आपलं स्वागत आहे'. प्रवीणने आमचा लावला तो गावात नाही, थेट रामनगरच्या बसस्टँडसमोर. गोवा-बेळगाव रस्त्यावरचा प्रत्येक ट्रक तिथे चहाला थांबतो. वर लक्ष्मी, आणि तिच्या खाली फक्त मी. माझ्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून परातीएवढा केलेला. 'सौ. दीपाली प्रवीण, स्टाफ नर्स, आणि परिवारातर्फे सर्वांना जेवणाचं आग्रहाचं निमंत्रण. मंगळवारी दुपारी बारापासून.' त्याखाली बारीक अक्षरात, 'राहण्यासाठी तंबू उपलब्ध'. आणि फोन नंबर माझा, कारण त्याचा रिचार्ज संपला होता.

"ह्ये काय केलंय तुमी?" मी त्याला विचारलं. "सर्वांना म्हंजे कुणाला?"

"आगं, जाहिरात हाय ती," प्रवीण म्हणाला. "लोक जेवाय येतील, तंबू बघतील, म्होरल्या खेपेला राहाय येतील. घरात पगारदार मानूस तू. मग फोटो कुनाचा घालायचा? माजा?"

मी खूप चिडले. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी बसमधून उतरून तो फ्लेक्स बघायला गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. बावीस वर्षांची होते तेव्हापासून कमावते आहे, पण माझं नाव इतक्या मोठ्या अक्षरात कुणी कधी लिहिलं नव्हतं. डावा गाल जरा सुजलेला दिसत होता. मी समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि लोक बघतात का ते बघत बसले. ही माझी चूक, आणि ती प्रवीणच्या नावावर घालता येत नाही.

फोन यायला लागले. "ताई, ते बोर्डावर लिवलंय ते जेवान फुकट हाय काय पैसं हायत?" पहिला फोन एका ट्रक ड्रायव्हरचा होता.

"जत्रा हाय दादा, हॉटेल न्हवं," मी म्हटलं.

"मग येतो की. चौगं हाय आमी."

जत्रेचं आवतण दिल्यावर येऊ नका असं म्हणता येत नाही. मी त्याला या म्हटलं. त्या आठवड्यात मी साठ-सत्तर अनोळखी माणसांना या म्हटलं असेल. त्यात एक बाई विचारत होती की शुगरवाल्यांसाठी वेगळं काही आहे का.

जत्रेच्या धावपळीत आधी जमेना, म्हणून डॉक्टर शिवानंदकडे मी बुधवारची वेळ घेऊन ठेवली होती. मंगळवारी मटण, बुधवारी दाढ. सोमवारी संध्याकाळी डब्यातले नऊ हजार काढले आणि पर्समध्ये, रुमालाच्या घडीत ठेवले.

मंगळवारी देवी गदगेवर, म्हणजे तिच्या जत्रेतल्या आसनावर बसून हसत होती आणि आमच्या मांडवात दोन बोकड शिजत होते. दीडशे माणसांचा अंदाज होता. दीड वाजेपर्यंत दोनशे जेवून गेली. त्यातली चाळीस आमच्या ओळखीची असतील. ड्रायव्हर चौघांनी येणार होता, तो अकरा जणांना घेऊन आला आणि माझ्या पाया पडला. एक जण बसस्टँडवरच्या फोटोबद्दल म्हणाला, "बोर्डावर लई भारी दिसतायसा." लोक मला बघायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येत होते. मी भात उपसत होते, दाढ ठणकत होती, आणि तरी मला बरं वाटत होतं.

अडीच वाजता पुंडलिक आत आला. "वैनी, रस्सा संपला. भाईर एक पंगत बसलीया आनि एक हुबी हाय."

पातेलं बघितलं. तळाला हाडं होती. आत्ती, प्रवीण आणि पुंडलिक तिघं माझ्याकडे बघायला लागले. आमच्या घरात पैसे असे मागतात.

शेजारच्या मारुतीने दावणीला एक बोकड राखून ठेवला होता. तो काही मूर्ख नाही, त्याला फ्लेक्स वाचता येतो. बाजारात सात हजारांचा बोकड, त्याने आज नऊ सांगितले, रोख. "पयल्या तारकेला देतो की," प्रवीण म्हणाला. मारुती म्हणाला, "तुजी पयली तारीक मला ठावं हाय." तरी आत्तींनी एकदा गळ घातली, पण तो हलला नाही.

"आगं दीपा, बाहेर मानसं हात धुवून बसल्यात," प्रवीण मला म्हणाला. "तुज्या नावानं आल्यात गं."

हेच ते. माझ्या नावाने आले होते. प्रवीणच्या नावाने आले असते तर मी म्हटलं असतं, घाला त्यांना वरण-भात. पण बसस्टँडवर सहा फुटी फ्लेक्सवर माझं तोंड लटकत होतं आणि मला ते आवडलं होतं. मी पर्स उघडली, रुमाल सोडला आणि नऊ हजार मारुतीच्या हातात मोजले. चौदा महिने बसच्या दांडीला लोंबकळून जमवलेले पैसे एका मिनिटात गेले. आत्ती म्हणाल्या, "व्हते न्हवं? मग आदी का बोलली न्हाईस?" मला तिथेच मोठ्याने रडायचं होतं, पण दोन पंगती बाहेर होत्या.

लोक देवीला जाऊन आले, तोवर मटण झालं. पाचच्या सुमाराला शिवानंद डॉक्टर आला. त्यालाही आवतण होतं, सगळ्यांनाच होतं. तो मांडी घालून बसला, शर्टाच्या बाह्या मागे घेतल्या आणि तीनदा रस्सा मागून घेतला. मी स्वतः वाढला. माझी दाढ त्याच्या ताटात होती आणि तो बोटं चाटत होता.

"उद्या दहाला येताय न्हवं, सिस्टर?" त्याने विचारलं.

"न्हाई जमायचं," मी म्हटलं. "म्होरल्या म्हैन्यात बघतो."

त्याने माझ्याकडे बघितलं, हात धुतले आणि मला परसात नेलं. पाण्याच्या टाकीवर बसवून मोबाइलची बॅटरी लावली आणि म्हणाला, "आ करा." मी आ केला. त्याच्या हाताला मसाल्याचा वास येत होता.

"आत पू झालाय," तो म्हणाला. "अजून वाचती दाढ. पण पंधरा दिवसांत काय ते करा. मग काढायलाच लागनार."

"काढायला किती?"

"आठशे. पन तुमच्याकडनं घेत न्हाई. पोटभर जेवलोय मी."

"आणि वाचवायला?"

"नऊच. कॅप बाहेरनं करून येती, त्यांचं पैसं मला सोडता येत न्हाईत. माजं काय ते सोडलं असतं."

एवढ्यात प्रवीण विडा घेऊन आला. त्याच्या कानावर फक्त 'घेत नाही' एवढंच पडलं होतं. "काय फुकट?" त्याने विचारलं. डॉक्टरने भोळेपणाने सांगून टाकलं. पुढच्या दोन मिनिटांत सगळं घर परसात जमलं.

"फुकट काढतोय म्हंतोय डाक्टर, आनि काय पायजे?" प्रवीण म्हणाला. "तोंडात बत्तीस असत्यात. एक गेली तर एकतीस उरत्यात की."

पुंडलिकने शास्त्र सांगितलं. मागच्या दाढा माणसाला आता तशा लागतच नाहीत, त्या आदिमानवाला लागत होत्या. हे म्हणे परीक्षेच्या पुस्तकात आहे.

"माजी तर एक पन ऱ्हायली न्हाई," आत्ती म्हणाल्या, आणि हातातलं नरम तुकड्याचं ताट मला दाखवलं. "मी काय उपाशी ऱ्हायलोय?"

"मग आत्ताच काढून टाकूया की," प्रवीण डॉक्टरला म्हणाला. "हत्यारं आनलीत काय?"

मी टाकीवर बसले होते आणि ते चौघं माझ्या डोक्यावरून बोलत होते. माझ्या तोंडातल्या दाढेचा निकाल लागत होता. हप्ता आधी भरायचा की क्लासची फी, हे ठरवताना जो आवाज असतो तोच आवाज होता. कुणी वाईट नव्हतं. कुणी ओरडत नव्हतं. सगळे माझ्या भल्याचंच बोलत होते. आणि मला एकदम कळलं की दाढसुद्धा आपली झाली आहे. पगारासारखीच तीही आता सगळ्यांच्या मताने खर्च व्हायची होती.

"काढायची न्हाई," मी म्हटलं.

कुणी ऐकलं नाही. प्रवीण डॉक्टरला विचारत होता की पकड लागते की नुसत्या दोऱ्याने जमतं.

मी टाकीवरून उतरले. "दाढ काढायची न्हाई!" मी ओरडले. मांडवातल्या माणसांनी खाणं थांबवलं. "डॉक्टर, एक तारखेला सकाळी धाला येतो मी. नऊ हजार घिऊन येतो. वाचवा तिला."

"आगं, एक तारकेला तंबूचा हप्ता हाय," प्रवीण हळूच म्हणाला.

"तंबू काढा. तीनच हायत, एक एक करून काढा. फुकट काडून देतोय काय बघा कोन."

माझं हे पहिलंच भांडण नव्हे. पण मांडवभर माणसांसमोरचं पहिलं. ड्रायव्हर, जो अजून गेला नव्हता, मांडवातून मोठ्याने म्हणाला, "बरोबर बोलली ताई!" आणि आणखी भात मागितला.

जत्रा उरकली. घरात आठवडाभर कुणी माझ्याशी धड बोललं नाही. प्रवीण खाचराकडेला जाऊन तंबूंकडे बघत उभा राहायचा. पुंडलिक धारवाडला गेला आणि तिथून मला मेसेज पाठवला की मेसवाला थांबेना. मी तो वाचला आणि उत्तर दिलं नाही. मग रात्रभर वाटत राहिलं की पोरगं उपाशी असेल. हेही खरं आहे, आणि ते लपवून मला मोठेपणा नको.

तीस तारखेला संध्याकाळी मी चुलीपुढे होते. आत्ती मिस्री लावत बसल्या होत्या. दात एक नाही, पण हिरड्यांना मिस्री रोज.

"उद्या जानार न्हवं तू?" त्यांनी विचारलं.

"जानार."

"जा." त्यांनी बोट थांबवलं. "माजी पयली दाढ गेली त्या साली तुज्या सासऱ्यानं बैल घेतला. मी म्हटलं दुखतंय, त्यो म्हटला बैल आदी. दुसरी गेली तवा नणंदेचं लगीन व्हतं. मग गेल्या एकेक. कुनी इचारलं न्हाई, मी पन बोललो न्हाई." त्यांनी तोंड उघडून मला आत दाखवलं. नुसत्या गुलाबी हिरड्या. "बघ. किती बैल आनि किती लग्नं गेल्यात ह्या तोंडातनं."

मी त्यांच्याशेजारी बसले.

"परसात तू वरडलीस तवा मला राग आला तुजा," त्या म्हणाल्या. "मग रातीला वाटलं, मी का वरडलो न्हाई?" आणि लगेच तोंड फिरवून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "येताना मिस्री घिऊन ये. धाची न्हवं, वीसची पुडी."

एक तारखेला मी पावणेदहाला खुर्चीत पडले. डॉक्टरने सुई दिली. जीभ, ओठ, अर्धा गाल, सगळं बधिर झालं. मग त्याने दाढेला चिमटा लावला, तोंडात रबर ताणलं आणि मशीन सुरू केलं.

दहा वाजून पाच मिनिटांनी पर्समध्ये फोन टिंग वाजला. पगार जमा झाला. या मेसेजची एक प्रत प्रवीणच्या फोनवरही जाते, ते त्यानेच बँकेत बसवून घेतलेलं आहे. दहा वाजून सहा मिनिटांनी फोन वाजायला लागला. तो थांबला, पुन्हा वाजला. मग वेगळी रिंग, म्हणजे पुंडलिक. मग पुन्हा प्रवीण. मग एक अनोळखी नंबर, बहुतेक तंबूच्या हप्त्याचा माणूस. पर्स खुर्चीखाली थरथरत होती.

"सिस्टर, अर्जंट असेल," डॉक्टर म्हणाला. "थांबू काय? बोलताय?"

मी मान हलवूनच नको म्हटलं. तोंड भलं मोठं उघडं होतं, पण त्यातून 'हो' निघणं शक्य नव्हतं. 'देतो' नाही, 'बघतो' नाही, 'किती पायजेत' नाही. चौदा वर्षं नोकरी करते आहे, त्यात मला असं कुणी सक्तीने गप्प बसवलं नव्हतं. वर पंखा फिरत होता. बाहेर रस्त्याने ट्रक जात होते. कुणीतरी माझ्याच शरीरातल्या एका गोष्टीसाठी खाली वाकून, घाम गाळून, मन लावून काम करत होतं. मला झोप लागली. मशीन चालू असताना झोपलेली मी त्याची पहिलीच पेशंट, असं तो नंतर सांगत होता.

सव्वा तासाने त्याने रबर काढलं. मी तोंड पुसलं आणि पर्समधलं कार्ड काढून नऊ हजार दिले. फोन अजून वाजत होता. मी तो काढला नाही.

"आजचं झालं," तो हात धूत म्हणाला. "तात्पुरतं भरलंय. आता अजून दोनदा यायला लागेल."

माझा ओठ अजून माझा नव्हता. मी बोबड्या बोलीत विचारलं, "चारदा करता येईल काय?"